लांबी सारखी, वजनात पावणेतीन टनांचा फरक

नागपूरहून सरळ रेषेत मोजलं तरी कुठल्याच बाजूला साडेपाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. तरी शिडाच्या बोटींचं वेड इथे नाहीच असं समजू नका. एनसीसीच्या नौदल शाखेत असताना अंबाझरी तलावावर शीड हाताळायला शिकलेले माझ्यासारखे लोक गावात आहेत. अभिलाष टॉमी बोटीतून एकट्याने जगाला प्रदक्षिणा घालत होते, तेव्हा रोज रात्री नकाशावर त्यांचा ठिपका शोधणारेही आहेत. हा लेख मुख्यतः अशांसाठी, आणि माझ्या भाच्यासाठी.

भाचा मर्चंट नेव्हीत आहे. दोन मित्रांसोबत युरोपात एक जुनी यॉट घ्यायचं त्याच्या मनात आहे. सुट्टीत भटकायचं, जमलं तर शर्यतीत उतरायचं आणि वर्षातले काही महिने तिच्यावरच राहायचं. यादी छाटत छाटत दोन नावांवर आली. पहिली रस्टलर ३६, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या फालमथ गावी बनणारी. दुसरी जे-१०९, अमेरिकेच्या जे बोट्स कंपनीची. दोन्हींचे कागद माझ्यापुढे टाकून म्हणाला, "मामा, लांबी तं दोघींची सारखीच आहे, मंग लोकं एकीले समुद्रावरचं घर म्हणतात अन् दुसरीले शर्यतीची घोडी, असं काऊन?"

प्रश्न चांगला आहे. मापं बघू. रस्टलरची एकूण लांबी १०.७७ मीटर, जे-१०९ ची १०.७५. धक्क्याला शेजारी शेजारी बांधल्या तर दोन सेंटिमीटर कमीजास्त. रुंदी ३.३५ आणि ३.५१ मीटर, म्हणजे तिथेही फार अंतर नाही. आता वजन बघा. रस्टलर सुमारे ७,६२० किलो आणि जे-१०९ सुमारे ४,९४० किलो. एक दुसरीच्या दीडपट जड. बंदरात जागेचं भाडं लांबीवर लागतं, म्हणून लोक आधी लांबी विचारतात. पण बोट पाण्यात कशी वागेल हे ठरतं ते वजन किती, ते कुठे ठेवलंय आणि पाण्याखाली कीलचा आकार कसा आहे यावर. वेग, हेलकावे, शर्यतीतला नंबर, आत पोळ्या लाटता येतील की नाही, हे सगळं पुढे त्यातूनच निघतं.

कील म्हणजे बोटीच्या पोटाखाली उतरणारा कणा. रस्टलरचा आराखडा १९८० च्या सुमाराचा, हॉलमन अँड पाय या इंग्लिश डिझाइन कचेरीचा. तिची कील लांब, बोटीच्या पोटाखालून बरीच मागेपर्यंत गेलेली, आणि सुकाणू त्या कीलच्याच मागच्या कडेला बिजागरीने जोडलेलं. जे-१०९ त्यानंतर वीसेक वर्षांनी आली. तिची कील अरुंद आणि खोल, मध्यावरून खाली सोडलेल्या पात्यासारखी, खालच्या टोकाला शिसं. सुकाणू वेगळं, पार मागे लटकणारं. रस्टलर पाण्यात १.६७ मीटर खोल बसते, जे-१०९ २.१३ मीटर.

वेगाबद्दल लोकांचा समज असा की हलकी बोट नेहमीच फार पुढे जाणार. ते पूर्ण खरं नाही. बोट चालताना नाकाशी एक लाट उठवते. वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते. लाटेचा एक माथा नाकाशी आणि दुसरा थेट शेपटाशी आला, की बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसते. तिथून पुढे थोडा जरी वेग वाढवायचा तर ताकद भरमसाट लागते. हा वेग काढायचं जुनं सूत्र सोपं आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. रस्टलरचं नाक आणि शेपूट पाण्याच्या वर तिरपी बाहेर झुकलेली आहेत, त्यामुळे पाण्याला टेकते ती लांबी फक्त ८.२ मीटर. जे-१०९ चं नाक जवळपास उभं, म्हणून ९.३ मीटर. गणित केलं तर रस्टलरला साधारण ६.९५ नॉट आणि जे-१०९ ला ७.४. अर्ध्या नॉटचाही फरक नाही. चोवीस तासांत फार तर अकरा सागरी मैल.

म्हणजे भरपूर वाऱ्यात, बाजूने किंवा थोडा मागून वारा असताना, जड बोट फार मागे राहत नाही. खरा फरक तीन ठिकाणी पडतो. पहिलं, वारा मंद झाल्यावर. तेव्हा प्रश्न एवढाच असतो की प्रत्येक टन वजनामागे शीड किती. डिझाइनर यासाठी शिडाचं क्षेत्रफळ आणि बोटीचं वजन यांचं एक गुणोत्तर काढतात. ते १५-१६ असेल तर निवांत भटकंतीची बोट, २० च्या वर गेलं तर शर्यतीकडे झुकलेली. जे-१०९ ला जवळपास ६० चौरस मीटर शीड आहे आणि गुणोत्तर २१ च्या आसपास येतं. सहा नॉटच्या वाऱ्यात ती चालत राहील. रस्टलरचा कप्तान तोवर इंजिनाची किल्ली फिरवून मोकळा झालेला असेल.

दुसरं ठिकाण म्हणजे वारा मागून आणि लाटा मोठ्या असताना. हलकी, मागे रुंद आणि सपाट बुडाची बोट लाटेच्या उतारावरून घसरते आणि मघाशी काढलेली मर्यादा काही क्षण मोडून जाते. जे-१०९ च्या नाकातून एक दांडा बाहेर सरकतो. त्यावर फुग्यासारखं मोठं रंगीत शीड, म्हणजे स्पिनेकर, लावता येतं. चांगल्या वाऱ्यात ती असे दहा-अकरा नॉट गाठते आणि सुकाणूवरच्या माणसाच्या तोंडावरचं हसू काही जात नाही. रस्टलर अशा लाटेवर घसरत नाही. ती लाट खालून जाऊ देते.

तिसरं ठिकाण वाऱ्याच्या तोंडावर जाताना. तिथे जरा थांबू, कारण कीलचं खरं काम तिथेच कळतं. वारा येतोय त्याच दिशेला कुठलीच शिडाची बोट सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी चाळीस-पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून नागमोडी चढावं लागतं. या वेळी शिडांचा जोर बोटीला पुढे कमी आणि बाजूला जास्त ढकलत असतो. त्या बाजूच्या ढकलण्याला कील अडवते. खोल, अरुंद पातं पाण्यातून थोडं तिरपं गेलं की त्याच्या एका अंगाला दाब कमी होतो, दुसऱ्या अंगाला वाढतो. विमानाच्या पंखावर हवेत जे होतं तेच इथे पाण्यात होतं. थोड्या क्षेत्रफळात जास्त अडवणूक मिळते आणि पाण्याशी घर्षण कमी. लांब कीलमध्ये अडवायला पृष्ठभाग भरपूर, पण पंख म्हणून ती आळशी. त्यामुळे जे-१०९ वाऱ्याच्या जास्त जवळ चढते, बाजूला कमी सरकते आणि वळण घेतलं की लगेच वेग पकडते. शर्यतीत पहिला टप्पा बहुतेक वाऱ्याच्या तोंडावरच असतो, म्हणून शर्यतीसाठी बनणाऱ्या बहुतेक बोटी आज अशाच कीलच्या असतात.

मग लांब कील कुणी का घ्यावी? कारण ती रस्ता सोडत नाही. रस्टलरचं सुकाणू एका दांड्यावर चालतं. शिडं नीट जुळवली की तो दांडा दोरीने बांधून तुम्ही आत जाऊन चहा टाकू शकता. बोट आपली आपण त्याच दिशेला जात राहते. महिनाभराच्या प्रवासात दोनच माणसं असतील, तर ही सोय कुठल्याही वेगापेक्षा मोठी. मागच्या बाजूला वाऱ्याच्या पात्यावर चालणारं यांत्रिक सुकाणू लावलं तर बॅटरीही लागत नाही. जे-१०९ चं मोठं चाक बोट एका जागी गर्रकन फिरवतं, पण लक्ष हटलं की तीही भटकते. तिला विजेवर चालणारा ऑटोपायलट हवा, त्याला बॅटरी हवी, बॅटरीला सौर पट्ट्या हव्यात.

हिशोबाची दुसरी बाजूही सांगतो. धक्क्यावर इंजिनाने मागे घेताना रस्टलर तुमचं ऐकत नाही. लांब कीलची बोट मागे जाताना वारा आणि इंजिनाचा पंखा नेतील तिकडे जाते, आणि शेजारच्या बोटीवरचे लोक बोटी घासू नयेत म्हणून मध्ये धरायचे रबरी गुंडे हातात घेऊन उभे राहतात. जे-१०९ मोटारीसारखी पार्क होते. उलट कोकण किनाऱ्यावर रात्री चालायचं असेल तर पाण्यात जाळ्यांच्या दोऱ्या, थर्माकोलच्या खुणा, काय काय असतं. रस्टलरच्या कील आणि सुकाणूत फट जवळपास नाहीच, दोरी घासून मागे निघून जाते. लटकत्या सुकाणूला ती अडकते, आणि मग कुणाला तरी तोंडात टॉर्च धरून पाण्यात उतरावं लागतं. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीला २.१३ मीटर खोलीची बोट जिथे टेकेल तिथून १.६७ ची जाऊ शकते. या ४६ सेंटिमीटरमुळे कोकणातल्या बऱ्याच जागा जे-१०९ ला भरतीच्या वेळेपुरत्याच उघड्या राहतात.

आता सगळ्यांना धास्ती असते तो प्रश्न. बोट उलटेल का?

१९७९ च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळलं. इंग्लंडहून निघायचं, आयर्लंडच्या दक्षिणेच्या फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि परत यायचं, अशी ही शर्यत. ३०३ बोटी निघाल्या होत्या. शर्यतीतले १५ जण गेले, २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, त्यातल्या ५ बुडाल्या. सर्वात छोट्या बोटींच्या गटात एकाच बोटीने शर्यत पुरी केली. ती होती काँटेसा ३२ या जुन्या धाटणीच्या, अरुंद आणि जड बोटींपैकी 'असेंट'. नंतरच्या चौकशीत काँटेसा आणि 'ग्रिमाल्किन' नावाची हलकी, रुंद शर्यतीची बोट यांची तुलना झाली. बोट किती अंशांपर्यंत कलली तरी स्वतःहून सरळ होऊ पाहते, हा त्यातला मुद्दा. सरळ उभी म्हणजे शून्य, पाण्यावर आडवी म्हणजे ९०, पूर्ण उलटी म्हणजे १८०. काँटेसा दीडशेच्याही पुढे गेली तरी सरळ व्हायला बघत होती. ग्रिमाल्किनचा आकडा १२० च्या आत होता. त्यापुढे कललेली बोट उलट्या अवस्थेतच स्थिरावते, आणि रुंद बोट उलटी झाली की उलटीही घट्टच बसते.

त्या वादळानंतर एक झटपट चाळणी आली. बोटीची रुंदी आणि वजन घेऊन एक आकडा काढायचा. तो २ च्या खाली असेल तर खोल समुद्राला बरी, वर असेल तर विचार करा. मी दोन्हींचा काढला. रस्टलर १.७२, जे-१०९ २.०७. भाच्याला हा आकडा बघून जे-१०९ यादीतून काढायची घाई झाली. मी त्याला थांबवलं, कारण या चाळणीत एक मोठं भोक आहे. शिसं कुठे ठेवलंय हे सूत्र विचारतच नाही. तेच शिसं कीलच्या तळाऐवजी डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी आकडा तोच येईल! जे-१०९ मध्ये शिसं दोन मीटर खाली आहे, आणि तिच्यावरून अटलांटिक ओलांडलेले लोक आहेत. म्हणून आकड्याने शंका घ्यायची आणि त्या बोटीचा स्थिरतेचा खरा आलेख मागवून बघायचा. शर्यतीत उतरलेल्या बोटींचा तो बहुधा मिळतो.

रस्टलर उलटत नाही असंही समजू नका. एकट्याने, न थांबता जगाला प्रदक्षिणा घालायच्या १९६८-६९ च्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले आणि ती पुरी केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांनी, तेही मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहैली'तून. त्या शर्यतीची आठवण म्हणून २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. नियम असा की बोट ३२ ते ३६ फुटांची, आराखडा १९८८ च्या आधीचा, कील लांब आणि सुकाणू कीललाच जोडलेलं. रस्टलर ३६ या नियमात चपखल बसते. २०१८ ची शर्यत ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड यांनी रस्टलरमधूनच जिंकली. पण त्याच शर्यतीत सूझी गुडॉल यांची रस्टलर दक्षिण पॅसिफिकमध्ये कोलांटी खाऊन डोलकाठी गमावून बसली आणि त्यांना मालवाहू जहाजाने वाचवलं. गोव्यात बांधलेल्या, सुहैलीच्याच घडणीच्या 'तुरीया'वर अभिलाष टॉमींची डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. पुढे २०२२ च्या शर्यतीत ते रस्टलर ३६ घेऊन उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. मोठी फुटणारी लाट आडवी बसली तर पस्तीस फुटांची कुठलीही बोट उलटू शकते. उलटल्यावर किती लवकर सरळ होते आणि आतली माणसं शाबूत राहतात का, एवढाच फरक उरतो.

हेलकाव्यांचं गणित मात्र वजनाच्या बाजूने स्पष्ट आहे. अमरावती रोडवर संत्र्यांनी भरलेला ट्रक आणि परत येणारा रिकामा ट्रक एकाच खड्ड्यातून जाऊ द्या. भरलेला हळूच दबतो आणि निघतो, रिकामा टणाटण उडतो. लाटेचा धक्का तोच, पण जड वस्तूला हलायला वेळ लागतो. टेड ब्रुअर या डिझाइनरने यावर एक आकडा बेतला होता, तोही अर्धा थट्टेत. आकडा जितका मोठा तितका प्रवास मऊ. रस्टलरचा येतो ३६ च्या आसपास, जे-१०९ चा २०. थट्टेतला असला तरी तिसऱ्या दिवशी पोटाला तो खरा वाटतो.

आता मुक्कामाकडे येऊ. मला विचाराल तर भटकंती, शर्यत आणि मुक्काम या तिन्ही हौशींचं भांडण इथेच आहे, आणि जाहिरातीत ते कुणी छापत नाही. कागदावर लिहिलेलं वजन बहुतेक रिकाम्या बोटीचं असतं. दोघांनी तीनेक महिने राहायचं ठरवलं तर काय चढतं ते एका संध्याकाळी आम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडलं. पिण्याचं पाणी ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. दहा मिलिमीटर जाडीची नांगराची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या घरात भरते, अशी साठ मीटर आणि वर नांगर, झाले १६० किलो. चार मोठ्या बॅटऱ्या १२०. डिझेल १२५. रबरी होडी आणि तिचं इंजिन ६०. जीवरक्षक तराफा ३५. घरगुती गॅसचे दोन भरलेले सिलिंडर साठाच्या आसपास. हत्यारं आणि सुटे भाग शंभर. तांदूळ, तुरीची डाळ, कणिक, तेल, सावजी मसाल्याचे डबे, लोणचं, सगळं मिळून दीडशे. कपडे, पुस्तकं, भांडी शंभर. बेरीज बाराशे किलोच्या वर जाते.

रस्टलरवर हे बाराशे किलो म्हणजे तिच्या वजनाच्या १६ टक्के. ती अशा ओझ्यासाठीच बांधलेली आहे. फारसं मनाला लावून घेत नाही. जे-१०९ वर तेच २४ टक्क्यांवर जातं. शिडाचं ते सुरेख २१ गुणोत्तर खाली घसरतं, लाटेवरून घसरायची तिची खुबी संपते. म्हणजे जिच्यासाठी पैसे मोजले तीच गोष्ट गेली. शनिवारी शर्यत असेल तर शुक्रवारी रात्री साखळी, होडी, सिलिंडर, डाळ-तांदूळ धक्क्यावर उतरवायचे आणि रविवारी परत चढवायचे. पहिल्या महिन्यात लोक ते करतात. पुढे शर्यत सोडतात किंवा घर.

जागेच्या बाबतीत मात्र जे-१०९ वरचढ. मागे रुंद असल्यामुळे चाकाखालच्या जागेत दोघांची खोली बसते. पूर्ण उभं राहता येतं, उजेड जास्त. बंदरात नांगरून राहायचं असेल तर ती जास्त सुखाची. रस्टलर दोन्ही टोकांना निमुळती, आत लाकूड भरपूर, कपाटं खोल आणि जरा काळोखी. पण चालत्या बोटीत चित्र उलटतं. वीस अंश कललेल्या बोटीत चूल दोन खिळींवर झुलत सरळ राहते, बाकी सगळं तिरपं असतं. रुंद, मोकळ्या जागेत तोल गेला तर धरायला काही नसतं, सरळ समोरच्या भिंतीवर. अरुंद स्वयंपाकघरात कंबर मागे टेकते, एक पट्टा लावून दोन्ही हात मोकळे होतात आणि कुकरची शिट्टी वाजेपर्यंत तुम्ही उभे राहू शकता. झोपायलाही तेच. प्रवासात मागची ऐसपैस गादी कामाची नाही. अरुंद बाकडं आणि बाजूला बांधलेलं कापड, त्यात माणूस घट्ट बसतो आणि झोप लागते.

शर्यतीबद्दल थोडक्यात. वेगवेगळ्या जातीच्या बोटी एकत्र धावतात तेव्हा प्रत्येकीला एक गुणक मिळतो. लागलेल्या वेळेला त्याने गुणायचं आणि मग नंबर लावायचे. युरोपात आयआरसी ही पद्धत चालते. समजा वेगवान बोटीचा गुणक १.०१० आणि तिला दहा तास, म्हणजे ६०० मिनिटं लागली. हिशोबात झाली ६०६. संथ बोटीचा ०.८८० असेल आणि तिने ६८० मिनिटं घेतली, तर ५९८.४. संथ बोट जिंकली. आकडे उदाहरणापुरते, पण यातून कळतं की रस्टलरने शर्यतीत उतरूच नये असं काही नाही. भरपूर वाऱ्याच्या, लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती अधूनमधून लोकांना चकवेल. वारा पडला की मात्र गुणक कितीही कमी असो, उभ्या बोटीला तो वाचवत नाही. जे-१०९ ला दुसरा फायदा असा की एकाच जातीच्या बोटींच्या स्वतंत्र शर्यती होतात, तिथे गुणकाचा वादच नाही. त्यासाठी सात-आठ माणसं लागतात, आणि दर शनिवारी सात-आठ माणसं जमवणं हे कुठल्याही वादळापेक्षा अवघड काम आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा विचार केला तर गणित आणखी एकदा हलतं. जून ते सप्टेंबर बोट बाहेर काढायचीच नाही. उरलेल्या महिन्यांत शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे. पहाटे जमिनीवरून हलकी झुळूक, मग तास-दोन तास काहीच नाही, दुपारी वायव्येकडून बऱ्यापैकी वारा, रात्री परत शांत. अशा हवेत रस्टलर अर्धा दिवस डिझेल पिणार. मुंबई-गोवा अशी ये-जा आणि सुट्टीतली भटकंती एवढंच असेल, तर मी निमूटपणे जे-१०९ म्हणेन, खाड्यांच्या खोलीची अडचण सोसून. पण भाच्याचा बेत बोट युरोपातून चालवत आणायचा, वाटेत राहायचा, तोही बहुतेक वेळ दोघंच. त्यासाठी रस्टलर. शर्यतीची हौस असेल तर दुसऱ्याच्या बोटीवर हात द्यावा. चांगल्या हातांना बंदरात कुणी नाही म्हणत नाही. हे त्याला आवडलं नाही. तो अजून दोन्हींच्या मध्ये आहे, आणि त्याच्या आईचं मत आहे की वर्धा रोडला फ्लॅट घ्यावा.

बघायला जाशील तेव्हा मात्र हे कर, असं मी त्याला लिहून दिलंय. जे-१०९ च्या कवचाच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की तो कुजतो आणि वरून काही दिसत नाही. प्लॅस्टिकची छोटी हातोडी घेऊन डेकवरच्या प्रत्येक कडीभोवती ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, धप्प आला तर तज्ज्ञाकडून ओलावा मोजून घेतल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत. कील जिथे बोटीला बोल्टने जोडली आहे तिथे आतून आणि बाहेरून भेगा बघायच्या, आणि बोट कधी खडकावर आपटली होती का हे सरळ विचारायचं. रस्टलरमध्ये सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून ढिलेपणा बघायचा, आणि आडवा वारा असताना मालकाला ती इंजिनाने मागे घ्यायला लावायची. तो स्वतः कितपत टाळतो ते बघायचं. दोन्हींमध्ये डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा शेवटच्या कुठल्या वर्षी बदलल्या, त्याची पावती मागायची. दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर विमा कंपन्या बरेचदा आढेवेढे घेतात, आणि त्या बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच मग आकडा सांगायचा.